टेपरखालचा बुरा : नाशिकच्या अंबडमधल्या एका पॅलेट चेंजरच्या नोंदी

२४ जून २०२४, सोमवार

मशीन : ५०० मिलिमीटर पॅलेटची हॉरिझॉन्टल, म्हणजे आडव्या स्पिंडलची (टूल फिरवणारा दांडा), सेकंडहँड आणलेली. पॅलेट म्हणजे जॉब बांधायचा पाट. दोन पॅलेट आहेत, एक आत कामावर, दुसरं बाहेर, आणि त्यांची अदलाबदल करतो तो पॅलेट चेंजर. जॉब (मशीनवर करायचा भाग) : बिडाचं गिअरबॉक्स हाउसिंग, एफजी २६० ग्रेडचं. बेस आणि दोन डॉवेल होल (जागा पक्की करणाऱ्या पिनांची भोकं) आधी व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या मशीनवर होतात, मग इथे चारही बाजूंचं बोअरिंग. तक्रार : रात्रपाळीचे काही जॉब डॉवेलपासूनच्या बोअरच्या अंतरात बाद होतात. सगळे नाही. एखाद्या पाळीत दोन-तीन, एखाद्या पाळीत एकही नाही.

साहेबांचा संशय स्पिंडलवर, सुपरवायझरचा ऑपरेटरवर. क्वालिटीच्या मॅडमनी काही न बोलता रिपोर्ट पुढे सरकवला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. समोरासमोरचे दोन बोअर एकमेकांशी अगदी एका रेषेत आहेत, पण बेस आणि डॉवेलशी दोन्ही सारखेच चुकलेत. ही ओळ नीट वाचली की निम्मा तपास झाला. स्पिंडल किंवा बी अक्ष (टेबल फिरवणारा अक्ष) बिघडला असता तर टेबल १८० अंश फिरवून मागून मारलेला बोअर पुढच्या बोअरशी जुळलाच नसता. आपसात जुळतात आणि बेसशी जुळत नाहीत, म्हणजे चूक टेबलाबरोबरच फिरते आहे. एकतर जॉब फिक्सचरवर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या चौकटीवर, नीट बसत नाही, नाहीतर फिक्सचरसकट पॅलेटच टेबलावर तिरकं बसतंय.

या दोन शक्यता वेगळ्या करणं अवघड नाही. जॉब सोडायचा नाही, फिक्सचरला हात लावायचा नाही, नुसतं पॅलेट आत-बाहेर करायचं आणि दर वेळी चारही टेपरच्या (पॅलेट ज्यांवर बसतं ते टेबलावरचे निमुळते खुंटे) वर पॅलेटला डायल (मायक्रॉन दाखवणारा काट्याचा गेज) लावायचा. दुपारी तेच केलं. बहुतेक वेळा काटा चार-पाच मायक्रॉनच्या आत. मग एका बदलीत डावी बाजू ४० ने वर. पुढच्या बदलीत पुन्हा खाली. जॉब जागचा हललेला नाही, तेव्हा दोष पॅलेटच्या बैठकीत.

ढोबळ हिशोब : टेबलावरचे टेपर एकमेकांपासून ३२० मिलिमीटरवर. एका बाजूला ४० मायक्रॉन उचललं, तर बैठकीपासून ४०० मिलिमीटर वर असलेला बोअर ५० मायक्रॉन आडवा सरकतो. ड्रॉइंगमधली मुभा अधिक-उणे २०.

२६ जून, बुधवार

आज पॅलेट काढून आत बघितलं. मेन बंद, कुलूप लावलं, किल्ली आमच्या नानांच्या खिशात. हायड्रॉलिकचा गेज शून्यावर आल्याशिवाय आणि उचललेल्या आर्मखाली (पॅलेट उचलून फिरवणारा हात) स्टीलचा ठोकळा गेल्याशिवाय कुणाचा हात आत जाणार नाही, हे नानांनी नव्या पोरांना दोनदा सांगितलं. या मशीनवर पॅलेट आणि फिक्सचर मिळून अर्धा टनाच्या आसपास जातं, त्यामुळे दोनदा सांगितलं ते बरं.

आत काळा चिखल. बिडाची चिप लांब निघत नाही, तुकडे आणि भुकटी निघते, हाच बुरा, त्यात बिडातलं ग्रॅफाइट. कूलंटमध्ये (कापताना मारायचं थंडाव्याचं पाणी) कालवली की गाळ होतो आणि हा गाळ जिथे साचतो तिथे वाळून घट्ट बसतो, स्क्रेपरशिवाय निघत नाही. टेपरच्या भोवती बोटभर उंचीचं कूलंट उभं होतं. ते का उभं राहतंय हे शोधलं तर गंमत सापडली. टेबलाच्या मागच्या बाजूला पाणी निघून जायची मोकळी फट होती, ती कुणीतरी रबराची पट्टी आणि सिलिकॉन भरून बंद केली होती. चिप्स आत येऊ नयेत म्हणून केलं असणार. चिप्स आल्याच, पाणी तेवढं अडकलं.

साहेबांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "सगळीकडून नवीन रबर लावा आणि पॅक करून टाका." मी म्हटलं, "साहेब, पॅक केल्यामुळेच हे साचलंय. आधी बुरा येतो कुठून ते बघू द्या." मान हलवली, पण खर्चाचा आकडा लवकर द्या म्हणाले.

नानांनी युक्ती सुचवली. पांढऱ्या पावडर कोटिंगच्या पत्र्याच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर ग्रीसचा पातळ हात दिला आणि सहा ठिकाणी चिकटवल्या : दाराच्या उंबऱ्यावर आत आणि बाहेर, आर्मच्या खाली, टेबलाच्या दोन बाजूंना आणि पॅलेटच्या पोटाला. रात्रपाळीला मशीन नेहमीसारखी चालवायला सांगितली.

२७ जून, गुरुवार

दाराच्या आतल्या उंबऱ्यावर भरपूर चिप्स, ते अपेक्षितच. बाहेरच्या बाजूला नगण्य. म्हणजे ज्या दाराच्या रबरासाठी कोटेशन मागवायचं चाललं होतं ते दार आपलं काम बऱ्यापैकी करतंय. सगळ्यात काळी पट्टी पॅलेटच्या पोटाची. तिच्या खालोखाल आर्मखालची.

बुरा दाराच्या फटीतून येत नाही. पॅलेट स्वतःच तो घेऊन येतं.

१ जुलै, सोमवार

सेफ्टीच्या काचेतून पॅलेट बदलताना नुसतं बघत उभा राहिलो. पाऊस धरला होता, शेडमध्ये अंधार, म्हणून मोबाइलचा टॉर्च काचेला लावून. बदल असा होतो : क्लॅम्प सुटतो, आर्म दोन्ही पॅलेट एकदम उचलतो, १८० अंश फिरतो, खाली ठेवतो, क्लॅम्प बसतो. उचलल्यापासून ठेवेपर्यंत दहा-बारा सेकंद टेबलावरचे टेपर उघडे असतात. आणि नेमक्या त्याच सेकंदांत, नुकतंच मशीनिंग झालेलं, कूलंटने निथळणारं पॅलेट त्यांच्या डोक्यावरून जातं.

हाउसिंगचा आकारच असा की ते वाडग्यासारखं पाणी आणि बुरा धरून ठेवतं. फिक्सचरच्या कोपऱ्यांत, क्लॅम्पच्या मागे, ॲलन बोल्टच्या डोक्यांत आणखी. मशीनिंग चालू असताना हे सगळं जागेवर असतं. आर्मने झटका दिला की सुटतं. काही थेंब सरळ खाली पडतात. बाकीचं पाणी पॅलेटच्या कडेवरून खाली येतं, आणि कडेला सुटून पडण्याऐवजी पोटाला धरून आत सरपटत जातं, थेट टेपरच्या खोबणीपर्यंत. सोबत भुकटी. पॅलेटच्या पोटाची पट्टी काळी का होती ते कळलं.

दाराचं रबर शेवटी. आधी पॅलेट उचलण्यापूर्वी जेवढं गळू शकतं तेवढं मशीनच्या आतच गळलं पाहिजे, मग उरलेलं टेपरपासून लांब पडलं पाहिजे, आणि तरीही टेपरवर काही आलंच तर हवेने उडालं पाहिजे. हे तिन्ही होऊनही पॅलेट तिरकं बसलं तर मशीनने थांबायला हवं. तसं ती का थांबली नाही, हा प्रश्न अजून बाकी आहे.

५ जुलै, शुक्रवार

बैठक तपासण्याची सोय या मशीनला आहे. टेपरच्या बैठकीवर बारीक छिद्रं आहेत, त्यांतून हवा सोडली जाते. पॅलेट टेकलं की छिद्रं बंद होतात, लाइनमधलं प्रेशर चढतं आणि स्विच होकार देतो. खाली चिप असली की हवा फटीतून निसटते, प्रेशर चढत नाही, अलार्म यायला हवा.

अलार्म येत नव्हता, कारण प्रेशर स्विचचा स्क्रू इतका सैल केलेला होता की पॅलेट अर्धवट बसलं तरी होकार. हे मशीन येण्याआधीचं काम. वारंवार अलार्म येतो, उत्पादन थांबतं, मग कुणीतरी स्क्रूड्रायव्हर घेतो. मी त्या माणसाला समजू शकतो. मालाचा ढीग पुढे आणि रात्रीचे तीन वाजलेले असले की मलाही तसंच वाटेल. पण अलार्म खरं बोलत होता.

आता लगेच स्क्रू घट्ट करून उपयोग नाही, मशीन दिवसभर थांबेल. आधी साफसफाईची व्यवस्था, मग स्विच.

१६ जुलै, मंगळवार

उद्या आषाढी एकादशी, मशीन बंद, म्हणून टेबलाभोवतीचं काम आज संध्याकाळपासून. जुनी रबरी पट्टी आणि सिलिकॉन खरवडून काढलं. मागची फट मोकळी झाल्यावर उभं पाणी पाच मिनिटांत निघून गेलं. या कामाला एक पैसा लागला नाही.

सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्या अण्णांना बोलावलं होतं. त्यांना दोन वस्तू करायच्या आहेत : टेबलाभोवती उतार असलेली पन्हळ आणि पॅलेटच्या चारी कडांना खाली वळलेला छज्जा. छज्जाचं अण्णांना लगेच पटलं. घराच्या छज्जाच्या खालच्या कडेला गवंडी खाच ठेवतो, पाणी त्या खाचेला अडून खाली पडतं, भिंतीकडे परत येत नाही. पॅलेटला तेच हवं. पत्रा कडेच्या बाहेर काढायचा, १२ मिलिमीटर खाली वळवायचा आणि त्याचं टोक किंचित बाहेर झुकवायचं. पाणी टोकापर्यंत येईल आणि तिथेच सुटेल, पोटाकडे वळणार नाही.

पत्रा एसएस ३०४, दीड मिलिमीटर. अण्णा म्हणाले, "साधा पत्रा मारू, रंग देऊ, निम्म्यात होईल." साध्या पत्र्यावरचा रंग कूलंट आणि बुरा मिळून काही आठवड्यांत खातात. शिवाय बिडाच्या कामात साधं लोखंड थोडंफार चुंबकत्व धरतं आणि बारीक भुकटी त्याला चिकटून राहते. ३०४ ला ती तशी धरत नाही. बेंडिंगच्या कोपऱ्यात थोडंसं चुंबकत्व येतं, पण तेवढ्याने फरक पडत नाही.

खरा वाद स्क्रूंवर झाला. अण्णांना वरून स्क्रू हवे होते, बसवायला सोपे. वर तोंड असलेला प्रत्येक स्क्रू ही बुऱ्यासाठी एक खळगी. शेवटी सगळे स्क्रू बाजूने आणि खालून. पन्हळीचा उतार ३० अंश मागितला, जागेमुळे मागच्या बाजूला २२ च मिळाला. तिथे गाळ थांबेल अशी भीती आहे, म्हणून त्या टोकाला कूलंटची एक नळी सोडून सतत धार ठेवायची.

छज्जामुळे पॅलेटचं फिरण्याचं वर्तुळ वाढतं. कागदावर मोजलं, आतल्या भिंतीपासून १९ मिलिमीटर मोकळीक राहते. आर्मच्या बोटांसाठी दोन बाजूंना खाचा कापाव्या लागतील.

२३ जुलै, मंगळवार

पत्रे आले. एका छज्जाची खाच आर्मच्या बोटाला घासत होती, जागेवर ग्राइंडरने वाढवली. बाकी नीट बसलं. हाताने, हळू गतीने, आर्म पूर्ण फिरवून बघितला, मग बी अक्षही पूर्ण फिरवला.

३० जुलै, मंगळवार

टेपर पुसून कोरडे केले, पॅलेट न ठेवता नुसती हवा सोडली, आणि टेपर ओले झाले. हवेतूनच पाणी येत होतं.

पावसाळ्यात हे व्हायचंच. बाहेरची हवा २८ अंश, आर्द्रता ८० टक्के धरली तर एका घनमीटरमध्ये साधारण २२ ग्रॅम वाफ. कंप्रेसर ७ बारला आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटर करतो, म्हणजे त्यात सुमारे १७५ ग्रॅम वाफ कोंबली जाते. पण २८ अंशाला एक घनमीटर हवा २७ ग्रॅमच्या वर वाफ धरूच शकत नाही. उरलेलं जवळजवळ दीडशे ग्रॅम पाणी कुठेतरी सुटणारच. टाकीत सुटलं तर ड्रेनने काढता येतं. लाइनमध्ये सुटलं तर आपल्या टेपरवर येतं, आणि ओल्या टेपरवर बिडाची भुकटी चिकटून बसते, मग कितीही फुंका.

ड्रायर होता, पण बायपासवर. कारण विचारलं तर "तो बंद पडला होता तेव्हापासून" असं उत्तर मिळालं. दुरुस्त होऊन परत आल्यावर बायपासची कॉक कुणी फिरवलीच नव्हती. टाकीचा ऑटो ड्रेनही गंजाने जाम. दोन्ही नीट केले. मशीनपाशी एक पाणी-सापळा आणि त्याच्या पुढे तेलाचा फिल्टर बसवला.

दुसरी भानगड प्रेशरची. गेज ६ बार दाखवतो, पण टेपरची हवा सुटली की काटा साडेतीनवर घसरतो, कारण तीच ८ मिलिमीटरची नळी स्पिंडलच्या टेपरलाही हवा पुरवते. मोठी लाइन शेडच्या टोकापासून ओढण्यापेक्षा मशीनच्या मागे ५० लिटरची छोटी टाकी ठेवायची आणि तिथून टेपरपर्यंत जाड नळी. हवा दहा-बारा सेकंदच लागते. तेवढ्यापुरता साठा पुरतो, मग टाकी हळूहळू भरत राहते. नानांना ही कल्पना फार आवडली, कारण टाकी आमच्याच भंगारात पडलेली होती. मी मात्र तिची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाल्याशिवाय लावू देणार नाही. प्रेशर व्हेसल आहे ती, शोभेची वस्तू नाही. नाना जरा फुगले.

८ ऑगस्ट, गुरुवार

टेपरची हवा कधी सुरू होते तेही बघितलं. पॅलेट खाली येऊ लागल्यावर सुरू व्हायची. तोवर टेपरवर पडायचं ते पडून गेलेलं. टायमर बदलून आता पॅलेट उचलल्याक्षणी सुरू होते आणि टेकेपर्यंत चालू राहते. हवा बाहेर येत असताना थेंब खोबणीत शिरत नाही. पडल्यावर उडवण्यापेक्षा हे सोपं.

प्रोग्रॅममध्ये एम ६० च्या (पॅलेट बदलण्याचा आदेश) आधी एक छोटा तुकडा जोडला. शेवटचं टूल बाजूला गेलं की वरचा शॉवर चालू, बी अक्ष एक पूर्ण फेरा, म्हणजे फिक्सचरच्या चारही बाजू धुवून निघतात. मग शॉवर बंद. मग स्पिंडलमध्ये पंख्याचं टूल, ते गरगर फिरत हाउसिंगच्या तोंडावरून जातं आणि आतलं पाणी व बुरा बाहेर फेकतं. मग बी अक्ष अशा कोनात थांबतो की हाउसिंगचं मोठं तोंड चिप कन्व्हेयरकडे असेल. काही सेकंद निथळू द्यायचं. मगच बदल.

सुपरवायझर लगेच घड्याळ घेऊन आले. चाळीस सेकंद वाढले. "दिवसाला किती जॉब कमी होतील त्याचा हिशोब केलाय का?" केला होता. सायकल बावीस मिनिटांची, चाळीस सेकंद म्हणजे तीन टक्के. पण पॅलेट बाहेर आल्यावर ऑपरेटर एअर गनने तेच काम पाच-सहा मिनिटं करत होता. बाहेरचं पॅलेट वेळेत तयार नसलं की मशीन उभी राहायची, तो वेळ कुणी मोजत नव्हतं. ते गप्प बसले, पटलं असं नाही.

फिक्सचरमध्येही बदल केले. खोल कोपऱ्यांना १६ मिलिमीटरची आरपार छिद्रं पाडली, खाली निघणारी. त्याहून लहान छिद्र बिडाच्या गाळाने बुजतं. वापरात नसलेल्या एम १२ च्या छिद्रांत ग्रब स्क्रू भरले, ॲलन बोल्टच्या डोक्यांत प्लॅस्टिकच्या टोप्या.

२० ऑगस्ट, मंगळवार

काल श्रावणातला तिसरा सोमवार आणि राखी, दोन्ही एकाच दिवशी. निम्मी पाळी त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीला, उरलेली बहिणीकडे. मशीन जवळजवळ उभीच. संधी साधून सेन्सर घेतले.

पॅलेट क्लॅम्प सुटला की नाही हे सांगणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर मधूनमधून खोटं बोलतो. इंडक्टिव्ह सेन्सर धातू ओळखतो, तो धातू क्लॅम्पचा आहे की बुऱ्याचा हे त्याला कळत नाही. तोंड वर करून बसवलेल्या सेन्सरवर बिडाचा ढीग साचला की तो कायम चालूच दिसतो. नवीन महाग सेन्सर घ्यायच्या आधी त्याची कंस-पट्टी उलटी करून तोंड खाली केलं. ढीग साचायला जागाच नाही.

केबलची अवस्था वाईट. साधी पीव्हीसीची, कूलंटने कडक होऊन वाकवली की तडकत होती. पाणी सेन्सरच्या तोंडातून शिरतं असं सगळे समजतात. इथे ते केबलच्या तड्यातून शिरून आतल्या तारांवरून सरपटत कनेक्टरपर्यंत पोचलं होतं. बदलून पॉलियुरेथेनची घेतली, तीही पॉलिईथर जातीची. पॉलिएस्टर जातीचं पॉलियुरेथेन तेलाला टिकतं, पण पाण्यात मिसळणाऱ्या कूलंटमध्ये वर्षानुवर्षं राहिलं की पाणी त्याची साखळी तोडत जातं.

पुरवठादाराने "आयपी ६७ आहे, काळजी नको" असं सांगितलं. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही, आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालतं. पण ते स्वच्छ, स्थिर पाणी. आपल्याकडे अल्कलाइन कूलंट, त्यात तेल, त्यात बिडाची वाळू, आणि तेही दाबाने मारलेलं, महिनोन्‌महिने. आयपी ६९ ची चाचणी ८० ते १०० बारच्या गरम फवाऱ्याची असते, ती जास्त कडक खरी, पण तीही पाण्याचीच. रसायनाविषयी दोन्ही आकडे काही सांगत नाहीत. म्हणून सेन्सर कूलंटच्या वाटेतून हलवणं हे कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त टिकाऊ.

४ सप्टेंबर, बुधवार

आता दाराचं रबर. जुनी पट्टी फुगून मऊ पडली होती, काही ठिकाणी लाटेसारखी झालेली. नायट्राइल टाकायचं की पॉलियुरेथेन यावर आमच्यात दोन तट. पॉलियुरेथेनला घासण्याचा त्रास कमी होतो, आणि बिडाच्या कामात घासणं हाच मोठा शत्रू. कूलंटच्या ड्रमच्या कंपनीकडून रबरांची यादी मागवली, त्यांनी दोन्हीला होकार दिला. पॉलियुरेथेन घेतलं. पुसणाऱ्या ओठाच्या पुढे पितळी पत्र्याची खरवडपट्टी बसवली, म्हणजे चिकटलेला जाड बुरा आधी ती काढते आणि ओठावर फक्त पाणी येतं. दार खाली जिथे टेकतं तिथे पूर्ण बंद केलं नाही. आतल्या बाजूला उतार देऊन फट ठेवली आहे. साहेबांनी ती फट बघून विचारलं, "ही राहिली का?" नाना माझ्याआधी म्हणाले, "राहिली नाही साहेब, ठेवलीये."

एअर गनवर बंदी, फक्त पॅलेट चेंजरच्या आवारापुरती. सहा बारची हवा भुकटीला रबराच्या ओठाखालून, बेअरिंगच्या सीलमधून, स्लाइडच्या कव्हरमधून आत ढकलते, जिथे ती स्वतःहून कधीच गेली नसती. बाहेरच्या पॅलेटसाठी कूलंटची हातनळी आणि एक रबरी वायपर दिला. रात्रपाळीच्या पोराला म्हटलं, "गन इथे वापरू नकोस, नळी वापर." तो म्हणाला, "सर, नळीने अंगावर उडतं." खरं आहे. ॲप्रन आणि चष्म्याची मागणी स्टोअरला लिहून दिली.

११ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत माणसं कमी, मशीन मोकळी. बैठकीचा प्रेशर स्विच आज लावला. एका टेपरच्या बैठकीवर ५० मायक्रॉनची शिम (मोजक्या जाडीची पातळ पट्टी) ठेवली, पॅलेट बसवलं, स्विचने नकार द्यायला हवा असा स्क्रू फिरवला. मग ३० ची शिम. तीही पकडली. २० ला कधी पकडतो, कधी सोडतो. ३० वर ठरवलं. वरच्या हिशोबाने ३० चं बोअरवर ३७ ते ३८ होतं, म्हणजे मुभेच्या बाहेर. त्यामुळे हा स्विच सगळं पकडत नाही, निव्वळ मोठ्या चुका पकडतो हे मॅडमना लेखी कळवलं. पहिल्या जॉबची तपासणी चालूच राहील. चारही टेपरवर एकेक करून हीच तपासणी केली, कारण एका कोपऱ्यावर चाललं म्हणजे चारांवर चाललं असं नाही. मागच्या उजव्या टेपरचं छिद्र बुजलेलं सापडलं, ०.८ च्या तारेने मोकळं केलं.

स्क्रूवर लाल वार्निशची खूण आणि झाकणावर छोटं कुलूप.

२४ सप्टेंबर, मंगळवार

डायलची तीच तपासणी, तशीच, जॉब न हलवता. सगळे आकडे सहा मायक्रॉनच्या आत. बैठकीचा अलार्म अधूनमधून येतो. दर वेळी उघडून बघायचं ठरवलंय, रिसेट करून पुढे जायचं नाही. आजवर आलेल्या अलार्मपैकी एक सोडून सगळ्यांत खाली काहीतरी सापडलं. त्या एकात हवेची नळी सैल होती.

कूलंटचं एक काम यात आपोआप पुढे आलं. आमचं बोअरचं पाणी जड आहे. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मागे राहतात, दर टॉप-अपला वाढतात आणि रबराच्या ओठावर पांढरा थर धरतात. तो थर ओठाला खरखरीत करतो. टॉप-अप आता आरओच्या पाण्याने. रिफ्रॅक्टोमीटरवर (कूलंटचं प्रमाण मोजायचं साधन) रोज सकाळी एक थेंब, आकड्याला ड्रमवर दिलेल्या फॅक्टरने गुणायचं, सहा ते आठ टक्क्यांत ठेवायचं. वर तरंगणारं तेल काढायला बेल्ट स्किमर भाड्याने आणलाय, बरा वाटला तर विकत.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शुक्रवारी यंत्रपूजा, शनिवारी दसरा. मशीनच्या दारावर हौसेने झेंडूची मोठी माळ, आर्मच्या कव्हरवर दुसरी. आज सकाळी मशीन सुरू केली तर शॉवरला धार नाही. पंपाच्या जाळीत झेंडूच्या पाकळ्या. बिडाचा बुरा जाळीतून निघून जातो आणि तळाशी बसतो, पाकळी मात्र जाळीला बरोब्बर चिकटते. पुढच्या वर्षी माळ इलेक्ट्रिक पॅनेलच्या बाजूला, असं नानांशी ठरवून टाकलं. कुंकू चालेल.

डिसेंबरपासून याच मशीनवर ॲल्युमिनियमचं कव्हर येणार आहे. तेव्हा ही व्यवस्था जशीच्या तशी चालणार नाही. ॲल्युमिनियमची चिप हलकी, कूलंटवर तरंगते, वळ्या होऊन एकमेकींत अडकते. बिडाचा गाळ उताराने खाली जातो, ही पन्हळीच्या तोंडाशी गोळा होऊन तुंबवते. मागच्या २२ अंशांच्या कोपऱ्यात पहिल्यांदा तुंबेल असा माझा अंदाज आहे. तिथली धार वाढवावी लागेल, नाहीतर पन्हळीचं तोंड दुप्पट रुंद. बिडाचा आणि ॲल्युमिनियमचा बुरा मिसळला तर भंगारवाला भाव पाडतो, म्हणून जॉब बदलताना टाकी पूर्ण रिकामी करायची की नाही हेही ठरवायचंय. इंडक्टिव्ह सेन्सर ॲल्युमिनियमला लोखंडापेक्षा बरंच जवळून ओळखतो, त्यामुळे खोट्या सिग्नलचा त्रास कमी व्हावा.

अण्णांना गुरुवारी मापं घ्यायला बोलावलंय. छज्जाच्या दुसऱ्या जोडीची ऑर्डर त्याच वेळी.